टेस्टोस्टेरॉन तपासण्याआधी एक प्रश्न विचारा: कधीपासून?

विषय चारचौघांत काढण्यासारखा नाही, म्हणूनच इथे काढतोय. पोस्ट मोठी आहे. वेळ असेल तेव्हा वाचा, पण अर्धी वाचून मत बनवू नका, एवढीच विनंती.

साठी उलटलेले गृहस्थ. नोकरी झाली, घराचे हप्ते फिटले, मुलांची लग्नं झाली. आणि एक दिवस घरच्यांना कळतं की हा माणूस दार बंद करून साडी नेसतो. कपाटाच्या तळाशी त्याच्या मापाचा ब्लाउज सापडतो, किंवा मोबाईलमध्ये फोटो सापडतो. मग घरात काय होतं हे वेगळं सांगायला नको. पहिला प्रश्न, 'यांना वेड लागलंय का?' दुसरा, 'लोकांना कळलं तर?' आणि शिकल्यासवरल्या घरांत हल्ली तिसरा प्रश्न येतो: 'वयामुळे टेस्टोस्टेरॉन कमी झालं असेल का? एकदा तपासून इंजेक्शन देऊन टाकूया का?'

पहिले दोन प्रश्न अडाणी वाटतात, तिसरा शास्त्रीय वाटतो. म्हणून तिसऱ्यावर कुणी शंका घेत नाही, आणि मला त्याचीच जास्त काळजी वाटते. कारण त्या प्रश्नाच्या पोटी एक गृहीतक आहे: पुरुषातला 'पुरुष' आटला की उरते ती बाई. टेस्टोस्टेरॉन म्हणजे जणू पाण्याची टाकी. पातळी खाली गेली की तळाची साडी दिसायला लागते!

माझं म्हणणं आधीच सांगून टाकतो. उतारवयात टेस्टोस्टेरॉन कमी होणं ही खरी गोष्ट आहे, आणि काही पुरुषांत तो खरा आजार असतो. पुरुषाला बायकांचे कपडे घालावेसे वाटणं हीसुद्धा खरी गोष्ट आहे, आणि तो आजार नाही. पहिलीमुळे दुसरी घडते याला पुरावा नाही. दोन्हींची गाठ मारली की नुकसान दोन्हीकडच्या माणसांचं होतं.

आता सविस्तर.

आधी टेस्टोस्टेरॉनचं बघू. तिशी-चाळिशीनंतर पुरुषाच्या रक्तातलं टेस्टोस्टेरॉन वर्षाला साधारण एक टक्क्याच्या आसपास उतरत जातं. बायकांची पाळी जाते तसं इथे धाडकन काही होत नाही, जिना उतरल्यासारखं हळूहळू होतं. बहुतेकांना ते जाणवतही नाही. पण काहींमध्ये पातळी खरंच फार खाली जाते आणि त्रास सुरू होतो. कामेच्छा जाते, पहाटेची ताठरता बंद होते, थकवा येतो, स्नायू कमी होतात, हाडं ठिसूळ होतात, हिमोग्लोबिन उतरतं, कधी छाती वाढते.

असे किती? युरोपातल्या आठ शहरांत ४० ते ७९ वयाच्या ३,३६९ पुरुषांचा अभ्यास झाला, तो २०१० साली प्रसिद्ध झाला. रक्तातली पातळीही कमी आणि ठरावीक लैंगिक लक्षणंही आहेत, अशी कडक अट लावली तेव्हा सगळे मिळून २.१ टक्के निघाले. साठ ते एकोणसत्तर वयात ३.२ टक्के, सत्तरीच्या पुढे ५.१ टक्के. म्हणजे आजार आहे, पण जाहिरातींवरून वाटतं तेवढा घरोघरी नाही.

आपल्याकडे त्याची एक वेगळी बाजू आहे. टाईप २ मधुमेह असलेल्या पुरुषांत सुमारे एक तृतीयांश जणांचं टेस्टोस्टेरॉन कमी आढळतं, असं गेल्या वीस वर्षांतल्या अभ्यासांत दिसलंय. लठ्ठपणा, झोपेत श्वास अडकण्याचा विकार, दीर्घकाळ घेतलेली अफूजन्य वेदनाशामकं, पिट्युटरी ग्रंथीची गाठ, हीसुद्धा कारणं असतात. आयसीएमआरच्या २०२३ साली आलेल्या पाहणीनुसार देशात मधुमेहींची संख्या दहा कोटींच्या वर आहे. तेव्हा थकलेला, चिडचिडा झालेला, बायकोपासून तोंड चुकवणारा पंचावन्न-साठचा मधुमेही पुरुष डॉक्टरकडे जाऊन हे बोलला पाहिजे. तो बोलत नाही. का बोलत नाही, ते पुढे सांगतो.

आता मुख्य मुद्दा. टेस्टोस्टेरॉन कमी झालं की पुरुष साडीकडे वळतो का?

याचं उत्तर शोधायला नव्या संशोधनाची वाट बघायची गरज नाही. एक फार मोठा प्रयोग ऐंशी वर्षं चालू आहे, फक्त त्याच्याकडे आपण या नजरेनं बघत नाही. प्रोस्टेटचा कॅन्सर. चार्ल्स हगिन्स या डॉक्टरांनी १९४१ साली दाखवून दिलं की टेस्टोस्टेरॉन बंद केलं की हा कॅन्सर मागे हटतो. त्याबद्दल त्यांना १९६६ चं नोबेल मिळालं. तेव्हापासून जगभर लाखो पुरुषांचं टेस्टोस्टेरॉन उपचार म्हणून जवळपास शून्यावर आणलं गेलंय. कुणाला महिन्याचं किंवा तीन महिन्यांचं इंजेक्शन देतात, कुणाची वृषणंच शस्त्रक्रियेनं काढतात. आपल्याकडे खर्च परवडत नाही म्हणून दुसरा मार्ग आजही बरेच जण घेतात. पुरुषाची नेहमीची पातळी साधारण ३०० ते १,००० नॅनोग्रॅम प्रति डेसिलिटर असते, ती या उपचारात ५० च्या खाली नेतात. साठीतल्या निरोगी माणसाची घट त्यापुढे काहीच नाही.

या रुग्णांना काय होतं? अंगातून गरम वाफा निघाल्यासारखं होतं, घाम फुटतो, कामेच्छा जाते, वजन वाढतं, छाती वाढू शकते, हाडं कमकुवत होतात, मन उदास होतं. काही जण सांगतात की आपण पूर्वीचे पुरुष राहिलो नाही असं वाटतं, आणि ते दुःखानं सांगतात. पण या उपचाराच्या दुष्परिणामांच्या यादीत 'बायकांचे कपडे घालावेसे वाटणं' कुठेच नाही. कमी टेस्टोस्टेरॉनमुळे साडी नेसावीशी वाटत असती, तर जगातल्या प्रत्येक कॅन्सर हॉस्पिटलच्या वॉर्डात ते दिसलं असतं.

दुसरी गोष्ट याच्याही पुढची आहे. विसाव्या शतकात ज्यांची लैंगिक वर्तणूक 'विकृत' ठरवली जायची, अशा पुरुषांना डॉक्टर टेस्टोस्टेरॉन दाबणारी औषधं द्यायचे. म्हणजे ओढ कमी करायची तर टेस्टोस्टेरॉन वाढवायचं नाही, उतरवायचं, असा तेव्हाचा हिशोब होता. आज घरच्यांना वाटतं की टेस्टोस्टेरॉन उतरल्यामुळे ओढ आली. दोन्ही गोष्टी एकाच वेळी खऱ्या असू शकत नाहीत.

याच्या उलट प्रयोगही झाले. १९४० च्या दशकात अमेरिकेत समलैंगिक पुरुषांना टेस्टोस्टेरॉन देऊन 'सुधारायचे' प्रयत्न झाले. ओढीची दिशा बदलली नाही. काहींची इच्छा तेवढी वाढली, तीही त्याच दिशेनं. इंग्लंडमध्ये ॲलन ट्युरिंगला १९५२ साली समलैंगिकतेबद्दल दोषी ठरवून तुरुंग किंवा हार्मोन असा पर्याय दिला गेला. त्यानं हार्मोन पत्करलं. वर्षभर इस्ट्रोजेनसारखं औषध शरीरात गेलं. छाती वाढली, माणूस होता तोच राहिला. दोन वर्षांनी तो गेला. २०१३ मध्ये, म्हणजे साठ वर्षांनी, ब्रिटनच्या राणीनं त्याला माफी दिली. समलैंगिकता आणि साडी नेसणं या वेगळ्या गोष्टी आहेत हे मान्यच. पण औषधानं माणसाचं आतलं घडण बदलता येईल ही समजूत दोन्हीकडे एकच आहे, आणि ती दोन्हीकडे फसली.

आता एक साधा, घरगुती प्रश्न. पाळी गेल्यावर बाईचं इस्ट्रोजेन खरोखरच धाडकन कोसळतं, पुरुषाच्या टेस्टोस्टेरॉनपेक्षा कितीतरी वेगानं. म्हणून कुणाची आजी धोतर नेसायला लागली का? आणि समजा एखादी साठीची बाई शर्ट-पँट घालायला लागलीच, तर तिला कुणी रक्त तपासायला पाठवतं का? 'मोकळं वाटत असेल' म्हणतो आणि सोडून देतो. बाई पुरुषाचे कपडे घालते तेव्हा ती वर चढली असं आपल्याला वाटतं. पुरुष बाईचे कपडे घालतो तेव्हा तो खाली उतरला असं वाटतं. रक्ताच्या बाटलीत न सापडणारं उत्तर मला तरी या फरकात दिसतं.

मग म्हातारपणीच हे का दिसतं? घरच्यांचा हा प्रश्न रास्त आहे. इतकी वर्षं काही नव्हतं, आत्ताच कुठून आलं?

बहुतेक वेळा ते आत्ता आलेलं नसतं. आत्ता कळलेलं असतं.

अमेरिकेत १९९७ साली असे कपडे घालणाऱ्या १,०३२ पुरुषांची पाहणी प्रसिद्ध झाली. संघटना आणि मासिकांच्या मार्फत पोहोचलेली ही मंडळी होती, म्हणजे आपणहून उत्तर देणारी, हे लक्षात ठेवून वाचायचं. त्यातल्या ८७ टक्के पुरुषांनी आपलं आकर्षण बायकांकडेच असल्याचं सांगितलं, आणि बहुतेकांची लग्नं झालेली होती. सुरुवात कधी झाली याचं नेहमीचं उत्तर लहानपणी किंवा मिसरूड फुटायच्या वयात, असं येतं. स्वीडनमध्ये १८ ते ६० वयाच्या लोकांची सरसकट पाहणी झाली, ती २००५ साली प्रसिद्ध झाली. त्यात २.८ टक्के पुरुषांनी सांगितलं की बायकांचे कपडे घालून आपल्याला कधी ना कधी उत्तेजना आली आहे. बारा वर्षांच्या मुलाचं टेस्टोस्टेरॉन म्हातारपणामुळे उतरलेलं नसतं, आणि तिशीतल्या तरुणाचंही नाही. उलट त्या मुलाचं तर ते चढत असतं.

म्हातारपणी बदलतात त्या परिस्थितीच्या गोष्टी. दोन खोल्यांत सात माणसं राहत होती, तिथे आता दोघंच राहतात. मुलगा पुण्यात किंवा परदेशात. ऑफिस नाही, साहेब नाही, बढती अडायची भीती नाही. कधी बायको गेलेली असते, आणि तिचं कपाट तसंच भरलेलं असतं. हातात मोबाईल आलेला असतो, आणि आपल्यासारखे आणखी आहेत हे आयुष्यात पहिल्यांदा कळलेलं असतं. शिवाय 'आता किती वर्षं उरली?' हा हिशोबही असतोच. चाळीस वर्षं दाबून ठेवलेली गोष्ट अशा वेळी वर आली तर त्यात नवल कसलं?

कामेच्छा कमी होण्याचा इथे काही संबंध असेल तर तो असा असावा, आणि हे माझं मत म्हणून सांगतो. तरुणपणी या कपड्यांशी उत्तेजना जोडलेली असते, मग तिच्यामागून लाज येते, कपडे फेकून दिले जातात, पुन्हा आणले जातात. वय वाढतं तसा तो भडका शमतो आणि उरतो तो नुसता विसावा. शांत वाटतं, बरं वाटतं, असं ही माणसं सांगतात. म्हणजे टेस्टोस्टेरॉन उतरल्यानं ओढ निर्माण झाली नाही, तिच्यातली घाई तेवढी गेली.

आणखी एक घोटाळा होतो. ट्रान्स स्त्रिया डॉक्टरांच्या देखरेखीखाली टेस्टोस्टेरॉन कमी करणारी औषधं घेतात, हे आता लोकांना ऐकून माहीत झालंय. त्यावरून लोक उलटा निष्कर्ष काढतात की टेस्टोस्टेरॉन कमी झालं म्हणून तो स्त्री झाला. क्रम अगदी उलटा आहे. आपण स्त्री आहोत ही जाणीव आधीची, औषध नंतरचं. शिवाय साडी नेसणारा प्रत्येक पुरुष ट्रान्स नसतो. बरेच जण पुरुष म्हणूनच जगतात, त्यांना फक्त अधूनमधून हे हवं असतं. काही जणांना मात्र साठीतच उमगतं की आपली गोष्ट कपड्यांपुरती नाही. तीही माणसंच आहेत. २०१४ च्या नालसा निकालात सर्वोच्च न्यायालयानं आपली लिंगओळख आपण ठरवण्याचा हक्क मान्य केलाय, आणि त्यात वयाची कमाल मर्यादा घातलेली नाही.

आपल्या मराठी मुलखाला तर हे नवीन वाटायचं काहीच कारण नाही. नारायण श्रीपाद राजहंस, म्हणजे आपले बालगंधर्व, १८८८ चा जन्म. रुक्मिणी, भामिनी, सिंधू उभ्या कराव्यात तर त्यांनीच. घरंदाज बायका त्यांच्यासारखी साडी नेसायला, दागिने घालायला शिकत होत्या. वय झाल्यावरही ते स्त्रीभूमिका करत राहिले, आणि १९६४ साली सरकारनं त्यांना पद्मभूषण दिलं. कोकणात आजही दशावतारात स्त्रीपार्टी पुरुषच करतो. रात्रभर राणी होऊन पहाटे गावाकडे शेतावर जातो, कुणी भुवई उंचावत नाही. यल्लमाचा जोगता साडी नेसून परडी घेऊन दारात आला की आपण हात जोडतो. एकनाथांच्या गौळणींत बोलते ती गोपी, लिहिणारे पैठणचे संसारी नाथ.

अर्थात रंगमंचावर साडी नेसणं आणि घरात आपल्यासाठी नेसणं एक नाही. बालगंधर्वांवरून कुणाच्या खासगी आयुष्याबद्दल निष्कर्ष काढायचा नाही. मला म्हणायचंय ते एवढंच की साडीतला पुरुष आपल्याला चालतो. कलेसाठी चालतो, देवासाठी चालतो. स्वतःसाठी म्हटलं की चालत नाही. आणि कलेतसुद्धा आपण किती उदार आहोत ते गणपत पाटलांना विचारायला हवं होतं. कोल्हापूरचा हा गुणी नट, मुलंबाळं असलेला संसारी माणूस. सिनेमात नाच्या रंगवला आणि पडद्यावरचा शिक्का आयुष्यभर घरादारावर बसला. त्याचं टेस्टोस्टेरॉन काय होतं, याच्याशी त्या शिक्क्याचा काय संबंध?

हे सगळं लिहायचं कारण असं की चुकीच्या समजुतीला बाजार तयार असतो.

रेल्वेरुळांलगतच्या भिंती आठवा. 'मर्दानी ताकद', 'गुप्तरोग', 'निराश होऊ नका'. अशा जाहिराती करायला १९५४ च्या ड्रग्ज अँड मॅजिक रेमेडीज कायद्यानं बंदी आहे, आणि सत्तर वर्षांनंतरही भिंती रंगलेल्या आहेत. आता तोच धंदा भिंतीवरून मोबाईलवर आलाय आणि इंग्रजी बोलायला लागलाय. 'मेन्स हेल्थ पॅकेज', 'एनर्जी परत मिळवा', 'चाळिशीनंतर टेस्टोस्टेरॉन बूस्टर'. अमेरिकेत हा चित्रपट आधीच लागून गेलाय. 'लो टी'च्या जाहिरातींच्या त्या काळात, २००१ ते २०११ या दहा वर्षांत चाळिशीपुढच्या पुरुषांमधला टेस्टोस्टेरॉनचा वापर जवळपास तिपटीनं वाढला. शेवटी २०१५ साली तिथल्या औषध नियंत्रकांना सांगावं लागलं की केवळ वय झालं म्हणून उतरलेल्या टेस्टोस्टेरॉनसाठी या औषधांना मंजुरी नाही.

आणि मिळालं काय? पातळी खरंच कमी असलेल्या ६५ वर्षांपुढच्या ७९० पुरुषांवर तिथे चाचणी झाली, २०१६ साली निकाल आले. लैंगिक इच्छेत माफक सुधारणा झाली. अंगातल्या उत्साहात ठोस फरक दिसला नाही. २०२३ साली पाच हजारांहून अधिक पुरुषांवरच्या चाचणीचा निकाल आला. हार्ट अटॅक आणि स्ट्रोक वाढले नाहीत, ही चांगली बातमी. पण हृदयाचे ठोके अनियमित होणं, फुप्फुसात रक्ताची गुठळी अडकणं आणि मूत्रपिंडाला इजा होणं औषध घेणाऱ्यांत जास्त आढळलं. शिवाय या औषधानं रक्त घट्ट होऊ शकतं, आणि बाहेरून हार्मोन यायला लागलं की शरीर स्वतःचं बनवणं कमी करतं. गरज असलेल्याला हे औषध जरूर द्यावं, लक्ष ठेवून द्यावं. पण साडी नेसू नये म्हणून दिलं, तर त्या माणसाच्या वाट्याला धोका तेवढा येणार आणि साडी जागच्या जागी राहणार.

आणि आता ते मघाचं राहिलेलं. खरा कमी टेस्टोस्टेरॉनवाला माणूस डॉक्टरकडे का जात नाही? कारण त्यालाही आपण हेच शिकवलंय की हे हार्मोन म्हणजे तुझं पुरुषपण. रिपोर्टात आकडा कमी आला तर तो 'कमी पुरुष' ठरणार. आजार लपवणारा तो आणि साडी लपवणारा हा, दोघं एकाच भीतीपोटी लपवतात. थायरॉईड कमी झालं तर आपण सकाळी गोळी घेतो आणि चहा पितो. टेस्टोस्टेरॉनकडेही इतक्याच थंडपणे बघता आलं तर दोघांचीही सुटका होईल.

आता कामाचं बोलू. समजा तुमच्या घरात असं काही कळलं, तर करायचं काय?

रक्त काढण्याआधी एक प्रश्न विचारा. 'बाबा, हे कधीपासून आहे?' आवाज न चढवता, एकट्यात, आणि उत्तर ऐकायची तयारी ठेवून विचारा. उत्तर 'लहानपणापासून' किंवा 'लग्नाआधीपासून' असं आलं, तर हा डॉक्टरांचा विषयच नाही. जागतिक आरोग्य संघटनेच्या २०२२ पासून लागू झालेल्या आजारांच्या यादीत बायकांचे कपडे घालणं हा विकार म्हणून राहिलेला नाही. आपल्या २०१७ च्या मानसिक आरोग्य कायद्यातही स्पष्ट आहे की समाजाच्या नैतिक किंवा सांस्कृतिक चालीरीतींशी जुळत नाही, एवढ्यावरून कुणाला मानसिक रुग्ण ठरवता येत नाही. समलैंगिक आणि ट्रान्स व्यक्तींना 'बदलण्याचे' उपचार करणं हे राष्ट्रीय वैद्यक आयोगानं २०२२ साली व्यावसायिक गैरवर्तन ठरवलंय. तेव्हा 'यांना सरळ करा' म्हणून कुणाच्या दवाखान्यात घेऊन जाऊ नका.

उत्तर वेगळं आलं तर मात्र थांबा. याआधी कधीच काही नव्हतं, गेल्या काही महिन्यांत अचानक सुरू झालं, आणि जोडीला इतर बदल आहेत. माणूस चारचौघांत भान न ठेवता बोलतो, पैसे उधळतो, जुगाराकडे वळलाय, विसरतो, त्याचा स्वभावच बदललाय. अशा वेळी न्यूरॉलॉजिस्टला दाखवा. मेंदूच्या पुढच्या भागाची झीज करणारा एक स्मृतिभ्रंश असा सुरू होतो. पार्किन्सनवरची काही औषधंही माणसाचा स्वतःवरचा ताबा सैल करतात. त्या रुग्णांत जुगार, अती खरेदी, अती कामेच्छा दिसते, आणि क्वचित कपड्यांबाबतचे असे बदलही नोंदले गेलेत. औषधाचा डोस बदलला की हे बऱ्याचदा आटोक्यात येतं. पण औषध स्वतःहून बंद करू नका, डॉक्टरांना सांगा. इथेही उपचार लागतो तो मेंदूच्या आजाराला किंवा औषधाच्या परिणामाला.

टेस्टोस्टेरॉनची तपासणी करायचीच असेल तर लक्षणं असतील तेव्हा करा. सकाळी, उपाशीपोटी, आणि दोन वेगवेगळ्या दिवशी. ताप किंवा मोठं आजारपण चालू असताना नको. एका संध्याकाळच्या रिपोर्टवर कुणी इंजेक्शन लिहून देत असेल, तर उठा आणि दुसरा डॉक्टर गाठा. आणि आकडा कमी आलाच, तर त्यामागचं कारण शोधा: साखर, वजन, झोप, पिट्युटरी. त्या रिपोर्टचा कपाटातल्या ब्लाउजशी संबंध लावू नका.

आणि बायको? तिच्याबद्दल कुणी बोलतच नाही. पस्तीस-चाळीस वर्षं संसार केलेल्या बाईला हे एका दुपारी कळतं, तेव्हा साडीपेक्षा तिला जास्त लागतं ते 'यांनी माझ्यापासून एवढं लपवलं' हे. तिचा राग खरा आहे. तिला हे आवडावं अशी सक्ती कुणी करू शकत नाही. पण हार्मोनवर खापर फोडलं की तिलाही बोलायचं काही उरत नाही, कारण 'आजारी माणसाशी' भांडणार कसं? हा त्या दोघांचा प्रश्न आहे. कुठे चालेल, कुठे नाही, मुलांना सांगायचं की नाही, तिच्या साड्यांना हात लावायचा की नाही, हे त्या दोघांना बसून ठरवावं लागेल. गरज वाटली तर चांगला समुपदेशक गाठावा, दोघांसाठी.

२०११ च्या जनगणनेत या देशात साठीपुढचे पुरुष पाच कोटींच्या वर होते. आता त्याहून कितीतरी जास्त असणार. त्यातले थोडे जण आज दुपारी घर रिकामं असताना कडी लावून आरशासमोर उभे असतील. त्यांच्यापासून कुणाला काही इजा नाही. त्यांना भीती आहे ती आपली.

म्हणून म्हणतो, लॅबवाल्याला फोन लावण्याआधी तो एक प्रश्न विचारा. आणि विचारलात की मग गप्प बसा, त्यांना बोलू द्या. आयुष्यात पहिल्यांदा कुणीतरी त्यांना हे विचारलेलं असेल.

(पटलं तर शेअर करा. नाव नाही टाकलंत तरी चालेल, मजकूर पोहोचला पाहिजे.)